एकविसाव्या मुक्कामापर्यंत

सांडूबाबांच्या गळ्यात एक गाठ होती आणि एकवीस मुक्काम होते. गाठ सोमवारी संभाजीनगरच्या दवाखान्यात काढायची होती. मुक्काम त्याआधीच काढून घ्यायला हवे होते. कागदावर सही घेताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज राहील, बारीक होईल किंवा जाईलही; कापल्याशिवाय कळायचं नाही.

मुक्काम म्हणजे ओव्या. त्यांच्या घराण्याची मेंढरं पिंपळगाव रेणुकाईहून निघत आणि चरत चरत गंगथडीला, गंगेच्या काठी, जात. त्या वाटेवरच्या एकेका मुक्कामाची एकेक ओवी. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या बांधावर बोरीची सावली, कुठल्या गावची कुत्री खोडीची, सगळं तिच्यात. वाट आता उरली नव्हती. तिच्यावर मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या होत्या, उसाचे फड झाले होते, डांबर पडलं होतं. ओवी तेवढी उरली होती, आणि तीही एकाच गळ्यात.

म्हणून शनिवारी सकाळी त्यांची सून मनीषा समोरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. लॅपटॉप तिच्या नवऱ्याचा, शिवशंकरचा. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरी बसून त्याचे व्हिडिओ तयार करायचा. आज तोच आवाज भरून घेणार होता, पण अंकुशनगरच्या लग्नाला ठरलेला कॅमेरावाला ऐनवेळी आजारी पडला आणि पहाटे कॅमेरा खांद्याला लावून तो निघून गेला. जाताना माईक जोडून, आवाज भरायचं सॉफ्टवेअर उघडून, लाल बटण दाखवून गेला. "हे दाबायचं. बस्स. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

मनीषाने दुसऱ्या कशालाच हात लावला नव्हता. सांडूबाबांनी खाटेवर मांडी घालून तीन मुक्काम गायले होते, एका दमात. मग तिने कानाला हेडफोन लावून ऐकलं. सासऱ्याच्या आवाजाच्या मागे, पुढे आणि मधोमध एक घरघर होती. लांब कोणीतरी पिठाची गिरणी चालवत असावं तशी.

"मामा, जरा थांबा," ती म्हणाली. "पंखा आला त्यात."

सांडूबाबांनी वर बघितलं. छताचा पंखा बंद होता. तो त्यांनीच बंद करायला लावला होता.

"हा न्हाई. ह्याच्या पोटातला." तिने लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीजवळ हात नेला. ऊन वाफ हाताला लागली, चुलीवरच्या झाकणाला फट असावी तशी.

"त्याच्या पोटात पंखा कशाला?"

"तापतं म्हणून."

"गातो मी, अन् तापून हे राह्यलं!" सांडूबाबा म्हणाले. दाराशी सूप घेऊन हरभऱ्याची डाळ निवडत बसलेल्या गोपिकाबाई, त्यांच्या बायको, हसल्या नाहीत. त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

मोबाइलवर आवाज भरायचा प्रयत्न मनीषाने आदल्या दिवशीच करून पाहिला होता. डब्यात तोंड घालून गाणाऱ्या माणसाचा वाटावा, असा आवाज आला होता. हा माईक चांगला होता, पण त्याची वायर हातभर. लॅपटॉप लांब नेता येत नव्हता. त्याची बॅटरी केव्हाच गेली होती, भिंतीच्या प्लगातून काढलं की डोळे मिटायचा. तिने शिवशंकरला फोन लावला.

पलीकडून आधी बँड ऐकू आला, मग नवरा.

"अहो, पंख्याचा आवाज येऊन राह्यला त्यात."

"काय? वरात लावून राह्यलेत इथं, काही ऐकू येईना!"

"पंखा! लॅपटॉपचा!"

"मंग उशी ठेव त्याच्यावर!"

"जळून जाईल की!"

"नको नको, ठेवू नको! कनिकाला लाव फोन, कनिकाला!" आणि बँडने त्याला गिळून टाकलं.

कनिका म्हणजे भोकरदनला कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या हुकमचंदांची मुलगी. दुकानाच्या पाटीवर नाव बापाचं होतं, पण मशीन उघडायची ती कनिकाच उघडायची. लॅपटॉप तिच्याकडूनच घेतलेला. ती फोनवर शांतपणे बोलली, दळण ठेवून गेलेल्या बाईला वेळ सांगावी तशी.

"वहिनी, त्यात दोन ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. चित्र दाखवायचं काम करणारे. एक छोटा, साध्या कामाचा. दुसरा मोठा, व्हिडिओ बनवायचा. मोठा उठला की तापतो, तापला की पंखा पळतो. तुम्हाला नुसता आवाजच भरायचा आहे ना? मग मोठ्याला झोपवा."

"कसं झोपवू?"

"सेटिंगमध्ये जा. सिस्टीम, मग डिस्प्ले, सगळ्यात खाली ग्राफिक्स. तिथं तुमचं आवाजाचं सॉफ्टवेअर दिसेल. त्याच्यापुढं पॉवर सेव्हिंग करा. म्हणजे ते छोट्याकडं जाईल."

मनीषा गेली. सिस्टीम सापडली, डिस्प्ले सापडला. आवाजाचं सॉफ्टवेअर सापडलं, त्याच्यापुढे तिने पॉवर सेव्हिंग केलं आणि कान लावला. पंखा फिरतच होता.

"बंद करून परत उघडलं का सॉफ्टवेअर?"

नव्हतं उघडलं. तिने उघडलं. पंखा फिरतच होता.

"आता टास्क मॅनेजर उघडा. तिथं जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसतील. तेच ते दोघे."

"दिसले. एक चालू आहे, शून्य बंद आहे."

"नाही वहिनी. शून्य हे त्याचं नाव आहे."

बी.ए.ला मनीषाला इतिहास होता. शून्य नावाचा कोणी भेटला नव्हता.

"मग मोठा कोणता?"

"एक."

"तो काहून चालू आहे? त्याला तर काहीच काम सांगितलं नाही मी."

कनिकाला कोणीतरी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, तिने त्याला हिंदीत थांबायला सांगितलं. इकडे खाटेवर सांडूबाबा कोमट पाण्याचा घोट घेऊन बारीक गुणगुणत होते, डोळे मिटून. आधी गायलेल्या तीन मुक्कामांतून ते अजून परत आले नव्हते.

"वहिनी, टीव्ही जोडलाय का त्याला?"

मनीषाने मागे बघितलं. भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉपची जाड काळी वायर गेली होती. शिवशंकर मोठ्या पडद्यावर नवरीचा चेहरा बघत बघत व्हिडिओ कापायचा.

"जोडलाय. पण बंद आहे."

"बंद असला तरी. ती वायर मोठ्याच्याच दारात जाते. ती आहे तोवर तो झोपत नाही. काढा."

तिने वायर ओढली. पडदा एकदा काळा होऊन परत उजळला. टास्क मॅनेजरमध्ये एकच्या पुढचा आकडा खाली आला, आणखी खाली आला. पंखा एकदा मोठ्याने सुस्कारला, मग बारीक झाला, मग हळूहळू, बाळाचं रडणं ओसरावं तसा, ओसरला.

खोलीत एवढी शांतता झाली, की सुपातली डाळ सरकल्याचं ऐकू येऊ लागलं.

"झोपला!" मनीषा फोनमध्ये कुजबुजली.

"मग गाऊ द्या बाबांना," कनिका म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

"मामा, चला. पहिल्यापासून."

सांडूबाबांनी हात कानामागे नेला. मनीषाने लाल बटण दाबलं.

*पहिला मुक्काम माझा रेणुकाईच्या शिवारात*
*देवळाच्या दिव्याची वात हले मेंढराच्या डोळ्यात…*

आणि ते थांबले. खाकरले. परत उचललं, आणि *दिव्याची वात*पाशीच परत थांबले.

"काय झालं?"

"काही न्हाई. पुन्यांदा घेतो."

तिसऱ्यांदा ते *शिवारात*पर्यंतच पोचले. त्यांनी डोळे उघडले आणि खोलीत बघितलं, काहीतरी घरात विसरून अर्ध्या वाटेतून परत आलेल्या माणसासारखं.

"दुखतंय का मामा?"

"दुखतंय तर कालच्यापून दुखतंय. तसं न्हाई. सूर सापडना."

"मघाशी तर तीन मुक्काम गायले."

"गायलो ना." त्यांनाही तेच समजत नव्हतं. त्यांनी आपला गळा दोन बोटांनी चाचपला. मनीषाने भरणं थांबवलं. गाठीने सोमवारपर्यंत वाट बघायची नाही असं ठरवलं की काय? की तिनेच थांबवून थांबवून तापलेला गळा गार केला? ते तीन मुक्काम, घरघर का असेना, नीट भरलेले होते. ते तिने पुन्हा भरायचे म्हणून पुसून टाकले होते. तिला रडू यायला लागलं आणि कशाचं ते कळेना.

तिने पाणी दिलं, हळद-गुळाची गोळी दिली. सांडूबाबा चौथ्यांदा बसले, पाचव्यांदा बसले. पाचव्यांदा तर तोंड उघडून नुसतेच थांबून राहिले, कोणीतरी यायचं आहे असे.

"ओवीला झील पाहिजे," दारातून गोपिकाबाई म्हणाल्या.

सूप मांडीवर, नजर डाळीत. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"काय पाहिजे, आत्याबाई?"

"झील. मागचा सूर. पुढचा ओवी सांगतो, मागचा त्याच्या पाठीशी ऊंऽऽ करून सूर धरतो. ह्यांच्यामागं कडूबा धरायचे. चाळीस वर्सं धरली. ते गेले मागल्या दिवाळीत, तवापून ह्यांनी ओवी उचलली का? मागं झील नसंल तर ओवी उचलायची न्हाई, असं हाय ह्यांच्यात."

"पण आज सकाळी उचलली ना!"

"तवा तुझं मशीन घुंघुं करून राह्यलं होतं."

मनीषाने लॅपटॉपकडे बघितलं. लॅपटॉप गप्प होता, तिने सांगितलं होतं तसा. मग तिने सासऱ्याकडे बघितलं. सांडूबाबा शाळकरी पोरासारखे लाजले.

"मला वाटलं, तू मुद्दाम लावलं," ते म्हणाले. "म्हनलं सूनबाईनं बराबर सोय केली. वर्सभरानं पाठीवर कुणी हात ठेवावा, तसं झालं. मंग तू थांब म्हनली, अन् परत आलो तर मागं कुणीच न्हाई."

दोन तास मनीषा ज्याला झोपवत होती, त्याला आता उठवायचं होतं.

"पण मग घरघर येईल त्यात," ती स्वतःशीच म्हणाली.

"कडूबाचा खोकला यायचा ओवीत," गोपिकाबाई म्हणाल्या. "कुणी काढला व्हता?"

तिने टीव्हीची वायर परत खोचली. पंखा नुसता कुरकुरला आणि गप्प बसला. तिने आवाजाच्या सॉफ्टवेअरपुढचं पॉवर सेव्हिंग काढून हाय परफॉर्मन्स केलं. काही नाही. पहाटेपासून मोठा जागाच राहिला होता, त्याचा साठलेला ताप सकाळी मशीनमध्ये होता. तो आता निवला होता. नको होतं तेव्हा थांबत नव्हतं, हवं झालं तर हलेना. तिने परत कनिकाला फोन लावला.

"कनिका, मोठा उठेना."

"अहो, तुम्हाला तर झोपवायचा होता ना?"

"होता. आता उठवायचाय. पंखा जोरात पाहिजे."

"वहिनी, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी बिलकुल ठीक आहे. तू सांग जल्दी."

"व्हिडिओ बनवायला द्या त्याला. लग्नाचा. त्याच्याइतकं जड काम दुसरं नाही."

शिवशंकरने ज्याला हात लावू नको म्हटलं होतं, ते सॉफ्टवेअर मनीषाने उघडलं. आतमध्ये हसनाबादचं एक लग्न अर्धवट पडलं होतं. नवरा-नवरीच्या नावांची सोनेरी अक्षरं गिरक्या घेत यायची, वरून गुलाबाच्या पाकळ्या गळायच्या. व्हिडिओ तयार करायचं बटण तिने ओठ चावून दाबलं. एक टक्का. दोन टक्के. टास्क मॅनेजरमधला एक उठून बसला. आणि लॅपटॉपच्या पोटात पंख्याने हळूच सूर धरला.

सांडूबाबांचे खांदे खाली आले.

*पहिला मुक्काम माझा रेणुकाईच्या शिवारात*
*देवळाच्या दिव्याची वात हले मेंढराच्या डोळ्यात*

*दुसरा मुक्काम माझा गिरजेच्या वाळूवर*
*झोप येईना रातभर, नदी बोले पायतळी*

तिसरा झाला, चौथा झाला. बाराव्या टक्क्याला पाकळ्या जास्त झाल्या असाव्यात, पंखा चढला. सांडूबाबाही त्याच्यामागे चढले. पंखा आणखी चढला. सांडूबाबांच्या मानेची शीर तटतटली आणि ओवीच्या शेवटच्या शब्दावर आवाज फाटला. पण ते थांबले नाहीत. झील वर गेली तर पुढच्याने खाली राहायचं नसतं.

"अगं, उतरव त्याला!" गोपिकाबाई म्हणाल्या.

"कसा उतरवू?" मनीषा ओठांनी म्हणाली, आवाज न करता. मग तिला थांबवायचं बटण दिसलं. दाबलं. पंखा लगेच ऐकेना. ओवीची एक ओळ गेली, दुसरी गेली, मग तो नरम पडत खाली आला, आणि त्याचं बोट धरून सांडूबाबा खाली आले.

दोन ओळी. मनीषाच्या ध्यानात आलं. पंखा दोन ओळी उशिरा ऐकतो. म्हणजे पुढे काय येणार ते तिला दोन ओळी आधी कळायला हवं, आणि तिला तर पुढचा शब्दही माहीत नव्हता. ती गोंधळून दाराकडे बघायला लागली.

गोपिकाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. फक्त डावा हात सुपातून उचलला आणि तळवा वर नेला, खांद्याएवढा. चढव. मनीषाने थांबवलेलं परत चालू केलं. लग्न पुढे सरकलं, पंखा उठला, आणि बरोबर दोन ओळींनी सांडूबाबांची मेंढरं टेकडी चढायला लागली.

मग तळवा पालथा झाला. थांबव. मेंढरं उतरणीला लागली.

असं झालं सगळं. सासूचा हात, सुनेचं बोट, लॅपटॉपचा पंखा आणि खाटेवर डोळे मिटलेला म्हातारा. अकराव्या मुक्कामाला वाघूर, जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं कोंडली, तेव्हा हात स्थिर. चौदाव्याला कोकरू हरवलं, तेव्हा हात इतका खाली गेला, की मनीषाने भीतभीत बटण दोनदा दाबलं आणि आपण काय चालू केलं, काय बंद केलं, हे तिला उमगेना; पण पंखा नुसत्या श्वासाएवढा राहिला आणि सांडूबाबा त्या श्वासावर चालत गेले. ज्या बाईने उभ्या जन्मात कधी तोंडातून ओवीचा एक शब्द काढला नव्हता, ओव्या पुरुषांच्या म्हणून जी नेहमी दारातच बसली होती, तिला वाटेवरची प्रत्येक चढण ठाऊक होती. हे मनीषाला आज कळत होतं.

सतराव्या मुक्कामाला आज जिथे अंकुशनगरचा साखर कारखाना आहे ते माळरान आलं. तिथेच कुठेतरी ह्या क्षणी शिवशंकर वरातीपुढे उलटा चालत असेल.

विसावा मुक्काम संपला तेव्हा पडद्यावर शंभर टक्के झाले. हसनाबादचं लग्न लागलं. पंखा सुस्कारला आणि खाली खाली जायला लागला.

सांडूबाबांचा हात कानामागे गेला होता. एकविसावा उरला होता.

मनीषाने परत बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, ह्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर नवी लिहू का? जुनी जाईल. तिचं बोट अडकलं. हो म्हटलं तर लग्न जाईल का? नाही म्हटलं तर मोठा उठेल का? पंखा थांबला. पार थांबला. सांडूबाबा तोंड किंचित उघडून वाट बघत होते, सकाळसारखेच.

आणि सूर आला.

बारीक, जमिनीलगतचा. मनीषाने जाळीला हात लावला. जाळी गार होत होती, आत काही फिरत नव्हतं. तिने वळून दाराकडे बघितलं. गोपिकाबाई सुपात वाकल्या होत्या. बोटं डाळीत तशीच थांबलेली, ओठ मिटलेले. हनुवटीवरचे हिरवे गोंदणाचे तीन ठिपके मात्र थरथरत होते.

*एकविसावा मुक्काम माझा गंगेच्या काठावर*
*पाणी पिऊन वर मेंढरू बघे मागे फिरून*

*मागे फिरून बघता वाट दिसे ना वाटेत*
*जो होता सोबतीत, त्याचा सूर पाठीशी*

सांडूबाबांनी शेवटचा शब्द लांबवला, आणि मागचा सूर त्याच्याबरोबर लांबला, आणि दोन्ही एकदमच खाली बसले. मनीषाने लाल बटण दाबलं. मग फाइलला नाव दिलं, आणि नीट साठली आहे का ते तीनदा बघितलं.

सांडूबाबांनी डोळे उघडले. घाम आला होता. पाणी प्यायले.

"शेवटच्याला मशीन लई बराबर बोललं," ते म्हणाले. "एकदम जवळून. कडूबाची झीलबी अशी लागायची न्हाई."

गोपिकाबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "तापलं व्हतं मघापून. म्हणून."

मनीषाचा हात अजून गार जाळीवर होता.

सांडूबाबांनी थोडा वेळ लॅपटॉपकडे बघितलं. मग गळ्यावरून हात फिरवला. "सूनबाई, सोमवारी हे दवाखान्यात नेता येईल का गं? कापाकापी झाल्यावर आवाज हाय का न्हाई बघायचं तर मागं कुणी तरी पाहिजे."

"मी येऊन राह्यले ना संगं," गोपिकाबाई म्हणाल्या. "मशीन कशाला?"

त्या सूप घेऊन आत गेल्या. सांडूबाबा त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिले, मग लॅपटॉपकडे, मग परत दाराकडे.